आप्पांचं ताट ओट्यावर

कुरकुंभची एमआयडीसी तेव्हा नुकती कुठे भरायला लागली होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. कितीही साबण घासला तरी त्यांच्या अंगाला सडक्या कांद्यासारखा वास राहायचाच. आम्हाला त्याची सवय होती. मी दहावीत असताना दौंडच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी एकदा घरी आल्या. आप्पा पहिली शिफ्ट करून आले आणि कौतुकाने आमच्यात येऊन बसले. एकीने नाकाला रुमाल लावला. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी फाडकन म्हणाले, "आप्पा, लांब बसा ना. किती घाण वास येतोय तुमच्या अंगाचा!"

"व्हय की," आप्पा म्हणाले आणि हसत उठले.

त्या दिवसापासून ते दाराबाहेरच्या ओट्यावर जेवायला बसू लागले. आई ताट आत वाढायची, ते उचलून बाहेर न्यायचे. आधी वाटलं, चार दिवसांचा रुसवा असेल. महिन्याभराने मी पायच धरले. "चुकलं माझं, आप्पा. चला ना आत."

"कशाचं चुकलं? मला तर काय आठवत न्हाई. हितं वारं चांगलं लागतं."

रागावले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी सुटले असते. आठवतच नाही म्हणणाऱ्या माणसाची माफी मागायची तरी कशी?

पुढे मी नर्स झाले, यवतला एका दवाखान्यात लागले. परक्या म्हाताऱ्यांचा हात धरून "काही होत नाही आबा, मी आहे ना" म्हणते आणि त्यांना खरंच बरं वाटतं. सिस्टरच्या बोलण्यानेच निम्मं दुखणं जातं, असं लोक म्हणतात. ते ऐकलं की मला माझाच संताप येतो.

आप्पांनी नोकरी सोडली, वासही गेला. तरी माझ्या लेकीला ते हात लांब करूनच घ्यायचे.

शेवटी तापाने फणफणलेले आप्पा आमच्याच दवाखान्यात होते. माणसं ओळखेनात. मी तोंड पुसायला वाकले, तर तळहाताने मला मागे लोटलं.

"लांब बस, पोरी. वास येईल."

इतकी वर्षं 'आठवत न्हाई' म्हणत होते. मी त्यांच्या गळ्यात पडले. "नाही येत आप्पा, कसलाच वास येत नाही," म्हणून ओरडत राहिले. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, ते पुन्हा वळवलंच नाही.