ट्रॅककडे पाठ

गाड्या सुटल्या की सगळं मैदान ट्रॅककडे बघायचं आणि पणदऱ्याचे हणमंतआबा ट्रॅककडे पाठ करून लोकांकडे बघायचे. सुरुवातीचा झेंडा काखेत गुंडाळलेला. मी माइकवर घसा फोडून कोण पुढे, कोण घसरला ते सांगत असे आणि ज्यांच्या शब्दावर ही शर्यत चाले ते मात्र कोण उठून चाललंय ते न्याहाळत. एकदा विचारलंच. म्हणाले, "पळणारा पळतोच रं. बसलेला उठला न्हाय पायजे."

आबा गावचे पुढारी, शिवाय टायरचे व्यापारी. त्यांच्या आधीही आमच्याकडे मोटारसायकलच्या शर्यती व्हायच्या. ऊस तुटला की मोकळ्या रानात, ज्याला वाटेल त्याने, वाटेल तशा. डाळजला एका गड्याचा पाय मोडला, तेव्हा त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यावं लागलं. त्याचं विव्हळणं अजून माझ्या कानात आहे. आबांनी गावोगावच्या शर्यती एकत्र बांधल्या, हेल्मेट सक्तीचं केलं, अँब्युलन्स उभी राहिल्याशिवाय झेंडा पाडायचा नाही असा दंडक घातला. हे श्रेय त्यांचंच.

पण मग टायर त्यांच्याच दुकानातले, मांडव त्यांचाच, चहाची टपरी त्यांच्या भाच्याची, मोबाइलवर दिसणारं चित्रीकरणही त्यांचंच. झेंडासुद्धा त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. निमगाव केतकीचा दत्ता हा आमच्यातला सगळ्यात चपळ गडी. त्याने एकदा दुसरीकडून टायर घेतले. आबांनी त्याला गोड बोलून रांगेतून बाहेर काढलं आणि तो अख्खा हंगाम त्याने कुंपणाबाहेरून बघितला. माझं डोकं फिरलं. "आबा, हे काही बरं नाही," मी तोंडावर म्हणालो.

ते चिडले नाहीत. "मग तू भरव की शर्यत. अँब्युलन्सवाल्याला फोन लाव, कुणाच्या नावानं येतीय ते कळंल."

पुढच्या हंगामात दत्ता आबांच्या दुकानातले टायर घालून परत आला. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "दुसरं मैदान हाय कुठं?"

गेल्या वर्षी आबांना धाप लागायला लागली. झेंडा वर करायच्या आधी दोनदा दम घ्यावा लागायचा. आम्ही भीतभीत शर्यतीसाठी कमिटी नेमायचा विषय काढला. आबा हसले. "कमिटीत समदी व्हय म्हणत्यात आन् एक बी जागचा उठत न्हाय."

बारामतीच्या दवाखान्यात त्यांना शेवटचं भेटलो. सलाइन लावलेल्या हाताने त्यांनी मला जवळ बोलावलं. "डाळजला माणसं बसली व्हती का शेवटपतुर?"

"आबा, डाळजची शर्यत अजून व्हायचीय. झेंडा कुणाकडे द्यायचा, तेवढं सांगा."

त्यांनी अंगावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाले, "मी येतूय की."

त्याच आठवड्यात आबा गेले. मी त्यांच्याशी इतका भांडलो होतो, तरी घरी येऊन ढसाढसा रडलो.

डाळजची शर्यत आम्ही पंधरा दिवस पुढे ढकलली. त्या दिवशी गाड्या ओळीत लागल्या. माणसंही भरपूर आली. मांडव नव्हता, लोक उन्हात बसले. अँब्युलन्सवाल्याला मी स्वतः फोन केला. "कुणाकडनं बोलताय?" त्याने विचारलं. मी माझं नाव सांगितलं. "आबांच्या घरनं कुणी बोललं तर येतो," म्हणाला. घरचे सुतकातून नुकतेच उठलेले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

झेंडा टेबलावर पडला होता. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे होतो. अँब्युलन्स नसताना झेंडा पाडायचा कुणाला धीर होईना आणि आज राहू द्या म्हणायचाही होईना. दत्ता इंजिन चालू ठेवून आमच्याकडे बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने ते बंद केलं, हेल्मेट काढलं आणि गाडी ढकलत टेम्पोकडे नेली.

काहीतरी बोलावं म्हणून मी माइक उचलला आणि पहिल्यांदाच ट्रॅककडे पाठ करून लोकांकडे बघितलं. लोक उठून चालले होते.