टायर चिकटवल्यानंतर

हे आत्ताच सांगायला हवं, कारण मी अजून खडकापाशीच बसलोय. आमच्या बिल्डिंगमागचा हा खडक उद्या फोडणार आहेत आणि माझी रिमोटवरची, दगडांवर चढायलाच बनवलेली छोटी क्रॉलर गाडी त्याच्यावर एकदाही चढलेली नाही. म्हणून काल खास नवे टायर आणले. यांच्यात हवा नसते, स्पंजसारखा फोम भरतात. मऊ घ्यावा की कडक? मी दुकानात दोन्ही इतका वेळ दाबत बसलो की शेजारची सायली म्हणाली, "अरे, पपई घेतोयस का?" मला वाटलं, कडक म्हणजे दमदार. घरी येऊन तोच भरला आणि टायर रिमला चिकटवूनही टाकले. आता ओढले तर फाटतील, आणि दुकान आज बंद.

तर टायर दगडाला नुसता टेकतो आणि जागच्या जागी गरगरतो. सायलीच्या गाडीचा मऊ टायर मात्र त्याच कडेवर असा चेपून बसतो, जसं मांजर मांडीवर. बघतच राहिलो. कुठे थोडं दबायचं हे मला तरी कुठे कळतं? आईशी भांडतानासुद्धा मी असाच ताठ, जागच्या जागी गरगरत.

"माझी घे, चढव," सायली म्हणाली.

"नको. चढली तरी ती तुझीच गाडी, माझी नाही."

मी परत रिमोट दाबला, गाडी परत घसरली.

तुमचं झालंय का असं, की चूक कळेपर्यंत गोंद वाळून गेलेला असतो?