बंद कॉम्प्युटरचा पासवर्ड

माझी मावशी विसरायला लागली आहे, ही बातमी मला तिच्या मुलाने फोनवर दिली. तिला रोज भेटणारी मी, मला पत्ता नाही, आणि नऊ तासांच्या अंतरावर बसून याला शोध लागला. मला तेव्हाच राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मावशीने तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कोणी नंबर मागितला की तो आधी मोठ्याने परत म्हणायचा, मगच जोडायचा, ही तिथली शिस्त. बरोबरच्या मुली तिला बिनचूकबाई म्हणायच्या, थोडं कौतुकाने आणि बरंचसं वैतागून. निवृत्तीनंतरही तिच्या कानावरचा हेडफोन उतरला नाही. संशोधन करणारी मंडळी तिला मुलाखतींची रेकॉर्डिंग पाठवतात आणि ती ऐकून टाइप करून देते. खिडकीशी टेबल, पायाखाली रेकॉर्डिंग थांबवायचं पेडल, भिंतीवर राउटर. हे सोडून ती कुठेही जाणार नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, एक तिचा मुलगा सोडून.

कॉम्प्युटर मात्र महिन्यातून एकदा रुसायचा. मग मुलगा गाडी काढून यायचा, पाच मिनिटांत दुरुस्त करायचा आणि उरलेला दिवस आपण किती लांबून आलो ते ऐकवायचा. शेवटी त्याने युक्ती काढली. दोन्ही घरांत एकाच जातीचे नवे राउटर बसवले आणि त्यांच्यामध्ये इंटरनेटवरून एक खाजगी वाट बांधली. म्हणजे आपल्या घरी बसून त्याला आईचा कॉम्प्युटर चालवता यावा. हे जमलं तर मावशी आपल्या घरी राहील, नाही जमलं तर काम बंद करून त्याच्याकडे जाईल, असं ठरलं. ठरलं म्हणजे तो बोलला आणि मावशी चिडून "बघूच" म्हणाली. तेवढ्यावर या गृहस्थाने तिच्यासाठी खोली रंगवून घेतली.

तीन रविवार तेच झालं. तो राउटरने तिच्या कॉम्प्युटरला दिलेला नंबर घालायचा, समोर पासवर्डची चौकट यायची, मावशी फोनवर पासवर्ड सांगायची आणि तो चुकीचा निघायचा. पहिल्या रविवारी तो वैतागला. तिसऱ्या रविवारी मात्र हळुवार झाला, आजारी माणसाशी बोलतात तसा. तूच बदलला असशील, या वयात राहत नाही लक्षात, म्हणाला. त्यानंतर मला वेगळा फोन आला, की हिला डॉक्टरकडे घेऊन जा. मी तो निरोप मावशीला जसाच्या तसा दिला. माझ्या पोटात काही राहत नाही.

चौथ्या रविवारी सकाळी तिने मला बोलावून घेतलं. साक्षीदार हवाय, म्हणाली. माझ्यादेखत तिने पासवर्ड घालून कॉम्प्युटर उघडला. मग तो बंद केला, प्लग उपटला आणि वायर हातात धरून मुलाला स्पीकरवर फोन लावला. त्याने नंबर घातला, चौकट आली म्हणाला. मावशीने एकेक अक्षर सुटं करून पासवर्ड सांगितला. त्याने सुस्कारा सोडला. चुकीचा आहे, आई.

"माझा कॉम्प्युटर बंद आहे," मावशी म्हणाली. "वायर माझ्या हातात आहे. मग तुला चुकीचा म्हणतंय कोण?"

नीट बघ, दुसरीच वायर असेल, तो म्हणाला. मग त्याने माझ्याकडून खात्री करून घेतली, म्हणजे बघा. मावशीने त्याला, तिच्या कॉम्प्युटरचा म्हणून तो घालत होता तो नंबर वाचायला लावला आणि प्रत्येक आकडा परत म्हटला. मग म्हणाली, आता तुझ्या घरातल्या सगळ्या मशीनचे नंबर वाच. त्याने आढेवेढे घेतले, तरी वाचले. चौथा नंबर हुबेहूब मावशीचा निघाला. तो सूनबाईच्या कॉम्प्युटरचा होता.

राउटर एकाच जातीचे. घरातल्या मशीनना वाटायचे नंबर दोघांनाही कारखान्यातूनच तेच मिळालेले, आणि बसवताना याने ते तसेच ठेवले. त्यामुळे नंबर घातला की त्याचं मशीन लांब जायचंच नाही, शेजारच्या खोलीत जाऊन दार ठोठावायचं. तेवढ्यात मागून सूनबाईचा आवाज आला. दर रविवारी माझ्या स्क्रीनवर येतं की कोणीतरी आत शिरू बघतंय, मी सांगितलं तर म्हणे दुर्लक्ष कर.

एक्स्चेंजमध्ये मी असं केलं असतं तर घरी बसवलं असतं, एवढंच मावशी म्हणाली.

तो सावरला आणि नेहमीच्या आवाजात सूचना द्यायला लागला. तुझ्या राउटरचे नंबर बदलू या, मी सांगतो तसं कर.

"माझे नंबर राहतील," मावशी म्हणाली. "बदलायचे तर तुझे बदल."

त्याच्याकडे टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे धरून अकरा मशीन होती. दुपार जाईल, म्हणाला. मावशीने प्लग परत लावला आणि मला वेळ आहे म्हणाली.

दुपार गेली. चारच्या सुमाराला त्याने पुन्हा पासवर्ड घातला, आणि या खेपेला तो बरोबर निघाला. पण मावशीने आपल्या बाजूने आणखी एक अट घालून ठेवली होती: आत यायचं तर दरवेळी विचारायचं. तिच्या स्क्रीनवर प्रश्न आला, परवानगी द्यायची का. तिने माउसवरचा हात काढून घेतला.

"आधी म्हण, आई विसरली नव्हती."

मला वाटलं तो हसण्यावारी नेईल. पण तो म्हणाला. आवाज लहान झाला होता, मला जरा वाईटही वाटलं. मावशीला वाटलं असेल तर तिने दाखवलं नाही. तिने 'हो' दाबलं, आणि स्क्रीनवरचा बाण तिने हात न लावता हलला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, मग त्या रंगवलेल्या खोलीचं काय करायचं.

"तिथे बायकोला बसव," मावशी म्हणाली. "आणि आत जाताना तिलाही विचारत जा."