अप्पांबरोबर कचेरीला

सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, मला पहिल्यांदा "रविवारी कचेरीला येतोस का?" असं विचारलं, तेव्हा तहसील कचेरीत त्यांचं काही काम असेल, असं मी समजलो होतो. तमिळमध्ये मैफलीला कचेरी म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. पुढच्या आठ वर्षांत त्यांच्याबरोबर मी बऱ्याच कचेऱ्या ऐकल्या. शेवटची गेल्या नवरात्रातली, न्यू पनवेलमधल्या एका देवळाच्या हॉलमध्ये झालेली, व्हायोलिनची. तिला मी जायला नको होतं.

अप्पा करंजाडेला एकटेच राहायचे. तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी केलेली, मराठी उत्तम. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यात काचबिंदू. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही, म्हणून पायऱ्या उतरताना ते माझा दंड धरायचे. त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि मी रोडपालीच्या घरात राहिलो. गणपतीत ती आली तेव्हा आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण झालं नाही. भांडून भांडून आम्ही आधीच दमलो होतो.

"अप्पांना मी सांगेन," ती म्हणाली. "दिवाळीत, समोर बसून. तोवर तू काही बोलू नकोस."

मी हो म्हटलं.

आणि नवरात्रात अप्पांचा फोन आला. "व्हायोलिन आहे. साडेपाचला सुरू होईल. तुझ्याशिवाय कोण नेणार मला?"

काही तरी कारण सांगून टाळता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. दिवाळीनंतर असं कुणी बोलावणार नाही, हे कळत होतं.

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. वाजवणारी बाई चाळिशीची असेल. मांडी घालून बसलेली, व्हायोलिनचं एक टोक छातीशी, दुसरं उजव्या घोट्यावर टेकवलेलं. बाजूला मृदंगम. अप्पांनी धोतर नेसलं होतं, कपाळाला विभूती होती. ते खुशीत होते.

"पोरीला दिवाळीत किती दिवस सुट्टी आहे? या वेळी दोघं माझ्याकडेच राहा."

"बघू," मी म्हटलं.

पहिल्या दोन-तीन रचना त्यांनी मांडीवर ताल धरून ऐकल्या. एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. मला हे त्यांनीच शिकवलं होतं. माझं चुकलं की न बघता माझ्या हातावर चापट मारायचे. त्या दिवशी मी ताल धरलाच नाही.

मग त्या बाईंनी मुख्य राग सुरू केला आणि मी दचकलो. ती भैरवी वाटत होती. आपल्याकडे भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात. इथे तर अजून अर्धा कार्यक्रम बाकी होता.

"तोडी," अप्पा कानाशी म्हणाले. "आमची तोडी म्हणजे तुमची भैरवी. आम्ही मधेच वाजवतो. घाबरू नकोस, संपलं नाही."

ते हसले. मान वळवून मी पंख्याकडे बघत राहिलो.

त्या रचनेनंतर मृदंगम एकटं वाजू लागलं, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बायकोचा होता. मी बाहेर गेलो.

"कुठे आहेस?"

"कचेरीला. अप्पांबरोबर."

दारातून मृदंगमचा आवाज तिलाही ऐकू जात असणार.

"तू कशाला गेलास?" ती म्हणाली. "आता मी सांगितलं की त्यांना हे आठवेल. तू शेजारी बसला होतास, तेही आठवेल."

"नाही कसं म्हणू?"

"मला माहीत नाही. पण दिवाळीपर्यंत थांबायला नको. मी आजच फोन करते त्यांना. घरी सोडलंस की कळव."

मी परत येऊन बसलो. "मृदंगम चालू असताना उठायचं नसतं," अप्पा म्हणाले. "लोक कॉफीला जातात. तू तसा नाहीस." मी माफी मागितली. नंतर जे काही छोटं छोटं वाजलं त्यातलं मला काहीच आठवत नाही. कार्यक्रम संपू नये एवढंच वाटत होतं.

करंजाडेला त्यांच्या इमारतीखाली गाडी थांबवली. "वर चल, दहीभात खाऊन जा," अप्पा म्हणाले. त्यांनी एकट्यानं फोन उचलावा, हे मला सहन होईना. मी इंजिन बंद केलं आणि सांगून टाकलं. चार-पाच वाक्यं झाली असतील.

ते समोरच्या काचेकडे बघत राहिले.

"केव्हापासून?"

"गणपतीपासून."

"तिनं सांगू नको म्हटलं?"

"हो. पण आज ती तुम्हाला फोन करणार आहे."

"आणि तू तीन तास माझ्या शेजारी बसलास."

ते दार चाचपू लागले. मी धावत पलीकडे गेलो आणि हात पुढे केला. त्यांनी दंड धरला, कारण धरणं भागच होतं. लिफ्टपर्यंत आम्ही तसेच गेलो. तिथे त्यांनी हात काढून घेतला. "पुरे," म्हणाले.

नंतर मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. ते बरे आहेत, एवढं बायकोकडून कळायचं. शब्द मोडलास म्हणून ती रागावली नाही, उलट सुटल्यासारखी बोलली. त्याचंही मला बरं वाटलं नाही.

जानेवारीत पनवेलच्या बाजारात अप्पा दिसले. शेजारच्या बाईंचा हात धरून भाजी घेत होते. मी बाजूनं जाऊन नमस्कार केला. त्यांनी मान पूर्ण वळवून मला पाहिलं.

"कसा आहेस?"

"ठीक. तुम्ही?"

"मार्चमध्ये बेंगळुरूला जातोय. घर विकतोय." पुढे म्हणाले, "तू वाईट नाहीस. पण माझ्याकडे येऊ नकोस, मला त्रास होतो."

मग त्यांनी त्या बाईंना मेथीचा भाव विचारला. मी तिथून निघालो.