लेस्लीने बसवलेला टर्बो

भाईंदरजवळच्या पालीच्या कोळीवाड्यात लेस्लीला कोणी मेकॅनिक म्हणत नसे, डॉक्टर म्हणत. बोटीचं इंजिन सुरू केलं की तो डोळे मिटून उभा राहायचा आणि कुठे काय बिघडलंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचा.

२००४ साली नवघरचा पराग साने आपली वीस वर्षं जुनी डिझेल गाडी घेऊन त्याच्याकडे आला. गिरगावातली खोली विकून भाईंदरला आलेलं कुटुंब, विमा कचेरीतली नोकरी. गाडी वडिलांची, म्हणून मोडवत नव्हती.

"लेस्लीभाई, घाटात ट्रकसुद्धा पुढे निघून जातात हो. हिला टर्बो बसेल?"

असलं काम आजवर कोणी मागितलं नव्हतं. लेस्ली हरखला. भंगारात एका पिकअपचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, मिळाला. तो बसेल असा धुराच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड त्याने वेल्डिंग करून घेतला, तेलाचा पाइप ओढला, डिझेल पंपाची सेटिंग वाढवली. तीन आठवडे तो जेवतानाही त्याचंच बोलायचा. ट्रायलला दोघं उत्तनकडे निघाले. चढ लागला, टर्बोची बारीक शिट्टी घुमली आणि म्हातारी गाडी अशी काही उसळली की पराग मोठ्याने हसत सुटला.

उतरल्यावर लेस्ली म्हणाला, "पराग, आता ब्रेकचे लायनर बदल. जोर वाढलाय, थांबवायला पण काहीतरी पायजे ना."

"दिवाळीनंतर नक्की."

तोवर चावी स्वतःकडे ठेवता आली असती. त्याने ती दिली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, मोरव्याजवळ पराग एकटाच गाडी चालवत होता. रस्ता कोरडा, मोकळा. गाडी सरळ जाऊन चिंचेच्या झाडावर आदळली. तो जागीच गेला.

त्यानंतर लेस्लीला शिट्टी ऐकू येऊ लागली. बोटीच्या इंजिनात, मिक्सरमध्ये, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना. हातातलं काम टाकून तो रस्त्याकडे पाहायचा. बायको लुईझा विचारायची, "काय झाला रे?" तो म्हणायचा, "ब्रेक. मी त्याला तसाच जाऊ दिला." वर्षभर तो हेच सांगत राहिला.

मग परागच्या बायकोचा, मृणालिनीचा फोन आला. पोलिसांनी सोडलेली गाडी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली पडून होती.

"उद्या भंगारवाला येतोय. त्याआधी तुम्ही एकदा बघाल? मला कळायला हवं."

लेस्ली गेला. मृणालिनी जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. त्याने आधी चाक उघडलं आणि थबकला. लायनर नवे होते. चारही चाकांचे.

"हे कधी बदलले?"

"जानेवारीत. इथल्याच एका गॅरेजमध्ये. तुम्ही सांगितलं होतं, असं पराग म्हणाला."

लेस्ली बोनेटकडे वळला. टर्बोचं सील गळलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच तेल पिऊन सुसाट सुटतं, हे त्याला ठाऊक होतं. हवा आत नेणारा इनटेकचा पाइप काढून आत बोट फिरवलं. कोरडा. टर्बोचा पंखा हलका फिरला. अॅक्सिलरेटरची केबल मोकळी. चेपलेल्या पत्र्यात हात घालून त्याने स्टिअरिंगचे सांधे चाचपले. आदळताना वाकलेल्या भागांपलीकडे काहीच नव्हतं. दुपार कलली तरी तो पुन्हा पुन्हा तेच तपासत होता.

"सापडलं?" मृणालिनीने विचारलं.

"न्हाय." तो चाकाशेजारी जमिनीवरच बसला. "माझ्या कामात न्हाय. कशातच न्हाय."

"कारण असतं तर कोणावर तरी राग धरता आला असता."

"माझ्यावर धरा."

"धरून पाहिला," ती म्हणाली. "वर्षभर धरला." मग आत जाऊन तिने त्याच्यासाठी पाणी आणलं.

घरी आल्यावर सगळं ऐकून लुईझा म्हणाली, "बघ, तुझा गुन्हा न्हाय. सुटलास."

ब्रेकचा दोष होता तोवर लेस्लीला निदान कुठे बोट ठेवायला जागा होती. आता शिट्टी वाजली की विचार नुसता गरगरत राही. डुलकी लागली असेल, कुत्रा आडवा आला असेल, की तो चढ चढतानाचा आनंदच अॅक्सिलरेटरवरच्या पायात उतरला असेल.

लेस्लीने गाड्यांची कामं बंद केली. मृणालिनी सासूला घेऊन ठाण्याला राहायला गेली. कोणी गाडी घेऊन आलंच तर लेस्ली बोनेट उघडू न देता सांगे, "दुसरीकडे ने, बाबा. मला आता आवाज नीट कळत न्हाय."