एकसारखे दोन प्रोग्राम

भागवत सर मूळचे देवगाव फाट्याचे. जिंतूरच्या एका कॉलेजात ते अकरा वर्षं तासिका तत्त्वावर डेटा स्ट्रक्चर शिकवत होते, आणि या अकरा वर्षांत त्यांचा पोरांवरचा विश्वास पार उडाला होता. फळ्याकडे तोंड असलं तरी कुणाच्या नावाला कोण ‘येस सर’ म्हणालं, हे ते बरोब्बर सांगत. मोबाइलवर आयते प्रोग्राम मिळायला लागल्यापासून तर विचारूच नका. एखाद्यानं चांगलं काही लिहिलं, की सरांच्या डोक्यात किडा वळवळलाच.

यंदा त्यांनी दुसऱ्या वर्षाला एक काम दिलं. घरातलं काहीतरी घ्या, त्याचे ऑब्जेक्ट बनवा, आणि कोण कुणापासून झालं याचा ट्री मांडा. चाळीस जणांत दोन प्रोग्राम ओळीला ओळ सारखे निघाले. एक बजरंगचा, गायींचा. बजरंग पहिल्या बाकावरचा, इंग्रजी फाडफाड बोलणारा. दुसरा रुपालीचा, मेंढ्यांचा. ही बोरीच्या येडबा धनगराची लेक, वर्गात तोंड उघडेल तर शपथ. दोघांची चूकही एकच होती. मेलेलं जनावर ट्रीमधून काढून टाकायची सोयच नव्हती, नुसती ‘मेली’ अशी खूण केलेली.

सरांना काही विचार करायची गरजच वाटली नाही. पोरीनं गायी काढून मेंढ्या घातल्या, झालं. त्यांनी तिच्या नावापुढं शून्य मांडलं. अंतर्गत परीक्षेत शून्य म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर येडबा तिला पुन्हा मेंढरांमागं नेणार, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं.

मग त्यांनी तिला लॅबमध्ये बोलावलं. “मेलेली मेंढी काढायची राहिली, का ज्याचं उतरवलं त्याच्यातच ती सोय नव्हती?”

रुपाली म्हणाली, “राह्यली न्हाई सर. काढायचीच न्हाई. आमच्यात मेंढी आईच्या नावानं वळखतेत. चांदीची पाट म्हंजी तिची लेक, मग चांदीच्या पाटीची पाट. चांदी मरून चार वर्सं झाली. तिला काढली तर तिच्या लेकी कुठून हुडकायच्या? खालचं समदंच तुटतंय की.”

सर खुर्चीत सरळ झाले. वरचा दुवा तोडला की खालची फांदी हरवते, हे ते दरवर्षी फळ्यावर खडू झिजवून सांगत, आणि दरवर्षी पोरं जांभया देत.

त्यांनी बजरंगला बोलावून तोच प्रश्न विचारला.

“इसरलो सर,” बजरंग म्हणाला. “आत्ता टाकतो, दोन ओळीचं काम हाय.”

“आणि आधी कुणाचं बघून लिहिलंस?”

बजरंगनं मान खाली घातली. लॅबच्या कॉम्प्युटरवर रुपालीची फाइल उघडी राहिली होती, एवढं त्यानं कबूल केलं. सरांनी त्याच्या नावापुढं शून्य मांडलं, रुपालीचं खोडून वीसपैकी वीस केले, आणि मोठ्या मनानं कागद तिच्यापुढं सरकवला. पोरगी आता खूश होईल असं त्यांना वाटलं होतं.

रुपालीनं खोडलेल्या शून्यावर बोट ठेवलं.

“सर, त्याला इचारून दिलं. मला देऊन इचारलं.”

एवढं बोलून ती कागद घेऊन गेली. भागवत सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.