दोन बोटांची जागा

मावशींची नजर माणसाच्या तोंडाआधी भांगावर जायची. शारजात, रोल्ला भागातल्या एका लेडीज सलूनमध्ये त्यांनी बावीस वर्षं कात्री चालवली. कशा आहात, काय चाललंय हे सगळं नंतर. आधी खुर्चीत बसवून केस बाजूला सारायच्या आणि निकाल द्यायच्या, "ताई, झोप होत नाही तुमची." अंदाज बहुतेक वेळा बरोबर असायचा, म्हणून मला त्यांचा थोडा रागच यायचा.

माझ्या सईच्या कपाळावरची रेघ त्यांनीच हेरली. नऊ वर्षांची पोर. कपाळाच्या मधून केसांत शिरलेली एक फिकट, चकचकीत रेघ, आणि ती शिरली तिथले केस गेलेले. मी मात्र निर्धास्त होते. इथे केस गळले की आम्ही सगळे डोळे मिटून पाण्याला दोष देतो. समुद्राचं गोडं केलेलं पाणी, त्यात गच्चीवरची तापलेली टाकी! मी शॉवरला फिल्टर बसवला होता आणि सईचं डोकं प्यायच्या पाण्याने धूत होते. मावशींनी रेघेवरून बोट फिरवलं.

"पाण्याचं असतं तर सगळ्या डोक्याचे गेले असते. इथे कातडी आत ओढलीय. डॉक्टरला दाखवा."

भुवया कोरणाऱ्या बाईने मला डॉक्टरकी शिकवावी? मी सलून बदललं, फिल्टरही बदलला. दोन महिन्यांनी रेघ खाली उतरल्यासारखी दिसली तेव्हा माझं धाबं दणाणलं. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा स्क्लेरोडर्माचा एक दुर्मीळ प्रकार. चेहऱ्याची, डोक्याची कातडी एका पट्ट्यात घट्ट होते आणि खोल बसते. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ म्हणे तलवारीचा वार. तो डोळ्यापर्यंत पोचू नये म्हणून आठवड्याचं इंजेक्शन, वरचेवर रक्ताची तपासणी, आणि मेंदूला धक्का नाही ना हे बघायला एमआरआय. ते वाया घालवलेले दोन महिने मला अजून खातात.

तोंड लपवतच मी मावशींकडे परत गेले. त्यांनी एका शब्दाने टोचलं नाही. सईचा भांग दुसरीकडे वळवून दिला, आणि रेघेचं खालचं टोक ते भुवई यांच्यामध्ये आपली दोन बोटं आडवी ठेवली. "बसतात," म्हणाल्या. मग दर महिन्याला तेच. डॉक्टरांकडे फोटो होते, मापं होती, पण मला झोप लागायची ती मावशींच्या त्या एका शब्दावर. त्या माप घेत तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचे.

खोटा धीर त्यांना जमायचा नाही. एकदा बोटं ठेवून त्या म्हणाल्या, "आज बोटं जरा दाटीनं बसतायत. उद्यावर टाकू नका." त्याच आठवड्यात डॉक्टरांनी औषध वाढवलं.

या जूनमध्ये मावशींनी व्हिसा कॅन्सल केला. गुडघे थकले होते, साताऱ्याला लेकाकडे कायमच्या चालल्या होत्या. शेवटच्या खेपेला सई खुर्चीत बसली, आणि मावशींनी कॅलेंडरसमोरून मला हाताला धरून आणलं.

"माझी बोटं चालली गावाला. आता तुमची ठेवा."

माझे हात गार पडलेत, असं काहीबाही मी पुटपुटले. त्यांनी ऐकलं नाही. माझी बोटं धरून सईच्या कपाळावर टेकवली. कातडी गुळगुळीत होती, ताठ होती. दोन बोटं बसली. "पण माझी बोटं तुमच्यापेक्षा बारीक," मी लगेच म्हणाले.

"मग वर थोडी जागा उरायला हवी," त्या म्हणाल्या. "नीट बघा. उरलीय?"

मी वाकून बघितलं. उरली होती.

सई आरशातून माझ्याकडे बघत होती. "मम्मा," ती हळूच म्हणाली, "यू नेव्हर टच मी देअर एनीमोर."

मावशी पाठ फिरवून कात्र्या पुसायला लागल्या. मी बोटं काढली नाहीत.